रुपयावरील व्यंग आणि त्याची पारख

गिरगावातील, दादर-परळमधील जुन्या कुटुंबांत लक्ष्मीपूजनाच्या तबकात पिढ्यान्‌पिढ्या पूजिले गेलेले राणीछाप रुपये, चांदीचा भाव चढला की झवेरी बाजारात वजनावर मोडीत निघतात, आणि त्यांतील सव्यंग नाणी तर कोणीही न हळहळता मुशीत टाकली जातात, हे मला अत्यंत खेदजनक वाटते.

पेशवाईतील अंकुशी रुपया हातोड्याने ठोकला जाई आणि ठसा चकतीहून मोठा असे, त्यामुळे मजकूर अर्धामुर्धा उमटणे ही तेथे रीतच होती. परंतु १८३५ च्या कायद्याने ज्याचे वजन १८० ग्रेन आणि शुद्ध चांदी १६५ ग्रेन ठरविली, तो कलदार, म्हणजे यंत्राचा, रुपया पाडताना फोर्टातील टांकसाळीची यंत्रे जेथे चुकली, तेथे त्या कारखान्याच्या कामकाजाचा अस्सल दस्तऐवजच आपल्या हाती राहिला आहे.

चकत्या चांदीच्या पट्टीतून पाडल्या जात. वाटीने पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर सरकावी तशी पट्टी सरकली, तर चकतीची कड चंद्रकोरीसारखी तुटे. अशा अस्सल तुटीच्या बरोबर समोरची कड बहुधा दबलेली, अस्पष्ट असते, कारण कड उठविणाऱ्या यंत्रात तुटीच्या जागी धातू नसल्याने समोरच्या बाजूवर पुरेसा दाब येत नाही. कानशीने मागाहून कापलेल्या नाण्यावर ही खूण आढळत नाही. ठसा तडकला असेल तर त्या फटीत चांदी शिरून नाण्यावर उंच रेघ उठते, ओरखडा मात्र खोलगट असतो. ओतीव चांदीत मळ अगर वायू अडकून राहिला, तर पट्टी लाटल्यावर पृष्ठभागाचा पापुद्रा सुटतो, आणि अशा नाण्याला ‘खोटे’ म्हणून हिणविणे हा त्याच्यावर अन्यायच होय. सराफांनी चांदी तपासण्यासाठी मारलेल्या खुणा मात्र टांकसाळीच्या नव्हेत; त्या वेगळ्या ओळखाव्यात, पण त्याही पुसू नयेत, कारण नाणे बाजारात फिरल्याची ती साक्ष आहे.

दुसऱ्या बाजूने, चिमट्यात दाबून वा कानशीने घासून तयार केलेले व्यंग दुर्मीळ म्हणून भारी किमतीस खपविणारेही आहेत, आणि वरील खुणा जाणणारा मनुष्य त्यांच्या हाती सहसा सापडत नाही.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे: घरचा रुपया चिंच किंवा पावडर लावून घासू नका, भिंगाखाली कड आणि रेघा नीट पाहा, काट्यावर वजन करा, आणि व्यंग टांकसाळीचे असल्याचा संशय आला तर नाणकशास्त्राच्या जाणकारास दाखविल्याखेरीज ते सराफाच्या मुशीत जाऊ देऊ नका.