परसातली चिकाची झाडे

मैत्रिणींनो, आपल्या जळगाव-धुळ्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांकडे झुकला की परसातली बाकीची झाडे माना टाकतात. कण्हेर, बिट्टी, सदाफुली आणि बांधावरची रुई मात्र टवटवीत! गुरेसुद्धा त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. ही चारही एकाच कुळातली, आणि स्वतःच्या रक्षणासाठी अंगात कडू, विषारी द्रव्ये साठवणारी.

कण्हेरात ओलिअँड्रिन, तर बिट्टीत थेवेटिन असते. दोन्हींचा घाव हृदयावर. आधी मळमळ, उलट्या, मग ठोके मंद आणि अनियमित. पाला वाळवला, उकळला तरी विष जात नाही. तेव्हा 'मुळी उगाळून घ्या' असे कुणी सुचवले तर कानाआड करा. बिट्टीचे विष सर्वांत जास्त बियांत, आणि पोरे खेळतात त्या नेमक्या बिट्ट्याच!

सदाफुलीची गोष्ट निराळी. 'रोज चार पाने चावा, साखर उतरते,' हे आपण सगळ्यांनीच ऐकलेले. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी मधुमेहासाठीच हा पाला तपासला. उंदरांची साखर हलली नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या! त्यातूनच कर्करोगावरचे विनब्लास्टिन हाती आले, मागोमाग व्हिन्क्रिस्टिन. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही देतात. पण एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमच्या आतच, तेही शिरेतून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आपल्या कुंडीतल्या पानात काय किती आहे, हे कोण मोजणार? म्हणून मधुमेहाची गोळी सोडून पाने चावू नका.

एवढे लक्षात ठेवा :

१. शनिवारी मारुतीसाठी रुईची पाने तोडल्यावर हात साबणाने धुवा. चीक डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होते. पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.

२. घरात रांगते मूल असेल तर बिट्टीची पडलेली फळे रोज वेचून टाका.

३. मुलाने बी किंवा पान खाल्ले, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढत बसू नका. १०८ला फोन करा, उरलेले फळ-पान सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

झाडे तोडायला नकोत, बरं का. फुले देवाला खुशाल वाहा. पोटात मात्र नकोत!