डुलणारे पिल्लू



कुत्री व्याली, की कधी एखादे पिल्लू चालू लागताच डुलते, पाय फाकून उभे राहते, भांड्याकडे तोंड नेताना त्याची मान थरथरते. 'हे काही जगत नाही' म्हणून त्याला उकिरड्यावर टाकू नका. तोल सांभाळणारा लहान मेंदू आईच्या पोटातच अपुरा वाढला, म्हणजे असे होते. यावर औषध नाही. पण हे व्यंग वाढत नाही, दुखतही नाही. जपले तर पिल्लू पुष्कळ वर्षे जगते. डुलणे वाढत गेले, तर मात्र पशुवैद्यांना दाखवा.

गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरा. भांडे विटेवर ठेवा. उघडी विहीर, बैलांचे पाय आणि रस्ता यांपासून राखा. ३ महिन्यांचे होताच रेबीजची लस टोचून घ्या.

धडधाकट कुत्रे अचानक झोकांड्या खाऊ लागले, लाळ गाळू लागले, तर ते पिसाळले असू शकते. हात लावू नका, मुलांना दूर ठेवा, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. चावले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा.

पहिल्या पावलापासून डुलणारे कुत्रे आणि आज अचानक डुलू लागलेले कुत्रे, यांतला फरक घरातल्या लहानथोरांना सांगून ठेवा.