घरच्या वडीचा डबा

नाताळच्या सुटीआधीच्या शेवटच्या दिवशी आपल्या शाळेत मुले घरून गोडाचा डबा आणतात. वर्गात वाटून खातात आणि त्यातला वाटा शिपाईमामांना, बसच्या चालकांना व सफाईच्या मावशींना देतात. ही प्रथा बंद करावी, त्याऐवजी पालकांकडून ठरावीक वर्गणी घेऊन सर्वांना चॉकलेटचे एकसारखे खोके द्यावेत, अशी सूचना मागच्या पालकसभेत आली. विश्वस्त मंडळ तिच्यावर विचार करणार आहे. सूचना चांगल्या हेतूने केलेली आहे, याबद्दल शंका नाही. तरीही ती स्वीकारू नये असे मला वाटते.

सूचना करणाऱ्या पालकांनी तीन कारणे दिली. घरच्या पदार्थाच्या स्वच्छतेची खात्री कोण देणार? आई-वडील दोघे नोकरीला जाणाऱ्या घरात वेळ कुठून आणायचा? आणि तिसरे, एकाच्या डब्यात काजूकतली व दुसऱ्याच्या डब्यात साधी चिक्की असली, तर मुले तुलना करणारच. तिन्ही कारणे खरी आहेत. त्यांना उत्तर देण्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगते.

आमच्या वाड्यावर चवथीला आमच्या घरून शेजारच्या ख्रिस्ती घरी नेवऱ्यांचे ताट जाते. दिवाळीला फोव जातात. नाताळला त्यांच्याकडून ताट येते. त्यात दोस, कलकल, नेवऱ्या आणि कधी बेबिंकाचा तुकडा असतो. या ताटाला ते 'कोन्सुआद' म्हणतात. शब्द पोर्तुगीज आहे, पण रीत आता आपल्या मातीची झाली आहे. आलेले ताट रिकामे परत करायचे नाही, हे दोन्ही घरांत न सांगता पाळले जाते. दोन वर्षांपूर्वी माझे पेपर तपासण्याचे काम साठले होते. मी बाजारातून मिठाईचे चांगले महागाचे खोके आणले आणि ताटावर ठेवून मुलीकडून पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी विहिरीपाशी शेजारच्या आंटींनी मला काळजीने विचारले, "गे बाय, औंदू घरांत कोण दुयेंत आसलें?" त्यात टोमणा नव्हता. आमच्या घरून विकतचे गोड आले, म्हणजे घरात नक्की कुणीतरी आजारी असणार, असेच त्यांना वाटले होते. खोक्यावरची किंमत त्यांनी पाहिलीसुद्धा नसेल. त्यांनी पाहिले ते एवढेच की यंदा आमच्या घरात कुणी कढईपाशी उभे राहिले नाही.

तेव्हापासून दर डिसेंबरात मी आणि माझी दोन्ही मुले मिळून नारळाच्या वड्या करतो. पहिल्या वर्षीची वडी इतकी चिवट झाली की ती सुरीला सोडेना. दुसऱ्या वर्षी पाक पुढे गेला आणि वडीचा चुरा झाला. तो चुरा आम्ही पोळीत भरून खाल्ला. तिसऱ्या खेपेला जमली.

या फसलेल्या वड्यांनी मुलांना जे शिकवले ते मला तोंडाने शिकवता आले नसते. साखर पाण्यात विरघळवून उकळली की पाणी उडून जाते, पाक दाट होतो आणि त्याचे उकळण्याचे तापमान वर चढत जाते. साधारण ११२ ते ११६ अंश सेल्सिअसला पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला, तर त्याची मऊ गोळी वळते. हाच आपला गोळीबंद पाक. आजीकडे तापमापक नव्हता, पाण्याची वाटी होती. नारळाच्या वडीत तर वाटीही लागत नाही. मिश्रण कढईची कड सोडू लागले आणि कडेला साखर पांढरी दिसू लागली, की ताटात थापायचे. दोन मिनिटे आधी उतरवले तर वडी पडत नाही, दोन मिनिटे उशीर झाला तर ती भुगा होते. पुस्तकातले द्रावण आणि स्फटिक कढईत प्रत्यक्ष दिसतात.

आंटींचा दोस पाहा. 'दोस' म्हणजे पोर्तुगीज भाषेत गोड पदार्थ. चण्याची डाळ शिजवून वाटायची, साखर व वाटलेला नारळ घालून घोटत राहायचे, गोळा भांडे सोडू लागला की तूप लावलेल्या पाटावर पसरायचा, वर काट्याने रेघा ओढायच्या आणि शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे. आपल्या डाळीच्या वडीची ही सख्खी बहीण नाही का? मुलांना दुकानातून माहीत असलेला 'फज' हाही याच कुळातला. तो अमेरिकेतला. तिथल्या वासर या मुलींच्या कॉलेजात शिकणाऱ्या एमेलिन हार्ट्रिज हिने पुढे एका पत्रात लिहून ठेवले आहे की १८८६ मध्ये बाल्टिमोर शहरात फज ४० सेंट पौंड या भावाने विकला जात होता. तिने त्याची कृती मिळवली आणि १८८८ मध्ये कॉलेजच्या एका विक्रीसाठी स्वतः ३० पौंड फज केला. साखर, दूध, लोणी, चॉकलेट, आणि तीच पाकाची परीक्षा. फरक इतकाच, की फजचा पाक न ढवळता कोमट होऊ देतात आणि मग जोराने घोटतात, म्हणजे साखरेचे कण बारीक राहतात व तो जिभेवर विरघळतो. आज दुकानात मिळणाऱ्या फजच्या वाढीलाही विद्यार्थिनींच्या हातचा घाणा कारणीभूत आहे, हे मुलांना जरूर सांगावे.

आता त्या तीन कारणांकडे वळते.

स्वच्छतेचे म्हणणे अगदी रास्त आहे. पण त्यासाठी नियम करावेत, प्रथा बंद करू नये. दुकानातल्या सुट्या मिठाईपुढे ती कधीपर्यंत खावी ही तारीख लावण्याचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आला. मग आपणही डब्यावर चिठ्ठी लावू या: पदार्थ कोणता, त्यात काय घातले, कोणत्या दिवशी केला. शेंगदाणे, काजू किंवा दूध काही मुलांना चालत नाही, त्यांच्यासाठी तर ही चिठ्ठी आवश्यकच आहे. मलई, खवा, पनीर अशा लवकर बिघडणाऱ्या वस्तू टाळाव्यात. ओल्या नारळाची वडीही आदल्या दिवशी केलेली असावी, आठवडाभर आधीची नको.

वेळेबद्दल सांगायचे तर दोन नारळ, अंदाजे तीन वाट्या साखर आणि थोडी वेलची यांच्या तीसेक वड्या तासाभरात होतात. नारळ खवायला मुलांना बसवावे, मुलग्यांनाही. ढवळायला मात्र मोठे माणूस जवळ हवे. उकळता पाक पाण्यापेक्षा जास्त गरम असतो आणि अंगावर उडाला तर चिकटून राहतो, हे विसरू नये. ज्यांना तेही जमत नसेल त्यांनी दोन-तीन घरांनी मिळून एकच घाणा करावा. आमच्या लहानपणी दिवाळीच्या चकल्या अशाच एकमेकांच्या घरी पाडल्या जात.

तिसरे कारण मला सर्वांत जड वाटते. ज्या घरात महिनाअखेर ओढाताण आहे त्या मुलाला डबा उघडताना लाज वाटली, तर सगळेच व्यर्थ. आणि हल्ली नारळही स्वस्त राहिलेला नाही. पण वर्गणी हा याच्यावरचा उपाय नव्हे. वर्गणी देणेही त्याच घराला जड जाते, आणि यादीत नाव राहिले की ते सगळ्या वर्गाला कळते. त्यापेक्षा प्रत्येक वर्गाने एकच पदार्थ ठरवावा. एखाद्या वर्षी पाचवीने नारळाची वडी, सहावीने तिळगुळाची वडी, सातवीने दोस. ज्यांच्या परसात माड आहे त्यांनी दोन नारळ जास्त आणावेत. साखर शाळेने घाऊक घ्यावी आणि मुलांना वजन करून वाटून द्यावी. दोस शिकवायला आपल्याच शाळेतल्या ख्रिस्ती मुलांच्या आया किंवा आज्या यांना आग्रहाने बोलवावे. त्या आनंदाने येतील याची मला खात्री आहे. मग सर्व डब्यांत सारखेच गोड असेल, फक्त हात वेगवेगळे असतील.

विश्वस्तांना एक विनंती आहे. निर्णय घेण्यापूर्वी शिपाईमामांना आणि सफाईच्या मावशींनाही विचारावे. मी विचारले. मावशी म्हणाल्या, चॉकलेट नातवाला आवडेल, पण मुले वडी घेऊन येतात तेव्हा "मी केली हो" असे सांगतात, आणि खाऊन कशी झाली ते सांगेपर्यंत समोरून हलत नाहीत.

यंदा आमच्या घरच्या ताटात वड्या जातील. थोड्या वाकड्या कापल्या गेल्या तरी जातील. मुलीने आत्ताच बजावले आहे की ताट घेऊन आंटींकडे तीच जाणार.