घराची भिंत रंगवताना

बेलापूरकरहो, रस्त्याकडेची भिंत आपण गावोगाव सिमेंटवाल्याला नाही तर पाइपवाल्याला जाहिरातीसाठी देऊन मोकळे होतो. रंग फुकट मिळतो ना! आता घरातल्या पोरांना तिथं ग्राफिटी हवी आहे. जरूर काढा, पण मोबाइलवरचा फोटो बाजूला ठेवून आधी भिंत बघा.

आपल्याकडे काळी माती आणि पाटाचं पाणी. जोत्यातून ओल चढते, खार फुटतो आणि महागातला रंगही पापुद्रे धरून गळतो. ओलीचा बंदोबस्त करा, जुना चुना खरवडून काढा, नव्या गिलाव्याला महिनाभर वाळू द्या, मग प्रायमर. खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा आजीच्या पद्धतीनं गेरूच्या रंगाचाच ठेवा. पावसाचे शिंतोडे तिथंच उडतात, चित्र वर राहील.

शैलीचं म्हणाल, तर मोठा चेहरा टाळा. वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर चित्रकार रणजित दहियांनी २०१४ साली दादासाहेब फाळके काढले, पण ते लांबून बघायचं चित्र. बोळात तोंडासमोर तेवढं नाक आलं की पोरं घाबरतील. बोळाला स्टेन्सिल बरं. जुन्या एक्स-रे फिल्मवर छाप कापा, कोरडा ब्रश नाही तर स्पंज टेकवत चला, कडा फुटत नाहीत. गिलावा खरबरीत असेल तर बारीक रेघांचा हट्ट सोडा. तिथं टेप लावून पाडलेले मोठे त्रिकोण, चौकोन किंवा ठसठशीत अक्षरं शोभतात. पश्चिमेच्या भिंतीवर गुलाबी, जांभळे रंग लवकर उडतात. गेरू आणि पिवडीच्या छटा टिकतात.

वारली हल्ली बँकेपासून शाळेपर्यंत सगळीकडे चिकटवतात. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती त्यांच्या हाताला, छापाला नव्हे. आपल्या घरावर आपला ऊस, आपली प्रवरा नदी येऊ द्या. देवाचं चित्र मात्र कुणी कोपऱ्यात थुंकू नये एवढ्यासाठी काढू नका. त्यासाठी दिवा लावा.

आणि काम कुणाला द्यायचं? फ्लेक्स आल्यापासून हातानं पाट्या रंगवणाऱ्या कितीतरी पेंटरांचं काम गेलं. चौकटी आखून छोटं चित्र भिंतीएवढं कसं करायचं, हे त्यांना नीट ठाऊक असतं. तालुक्यात असा पेंटर शोधा, मजुरी आधी ठरवा, पोरांना त्याच्या हाताखाली उभं करा आणि चित्राच्या कोपऱ्यात त्याला त्याचं नाव लिहू द्या.