हिरव्या ठिपक्याखाली काय झाकलंय?



बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो. हिरव्याच चौकोनात बसवलेला. तो दिसला की सोवळ्यातला माणूस निर्धास्त होतो. हा ठिपका कुठल्या पोथीतून आला नाही, सरकारी नियमातून आलाय. २०२० चे लेबलाचे नियम काढून वाचा. ज्यात प्राण्याचं अंग आहे किंवा प्राण्यापासून आलेलं काहीही आहे, ते मांसाहारी. पक्षी, मासे, किडे, अंडी, सगळं त्यात धरलंय. आणि मग हळूच एक शेपूट जोडलंय : दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचं मेण आणि लाख वगळून.

का वगळून? दूध काय झाडाला लागतं? लाख किड्याच्या अंगातून पाझरते, गोळ्या-चॉकलेटवर चकाकी आणायला चढते, तरी ती शाकाहारी. अंड्याच्या पोल्ट्रीत कोंबडाच नसतो, त्या अंड्यातून पिल्लू कधीच निघणार नाही, पण ते मांसाहारी. बर्फीवरचा चांदीचा वर्ख बैलाच्या आतड्याच्या पानांत ठोकून पातळ करायचे. २०१६ साली नियम करून ते बंद केलं. तोवर किती पिढ्यांनी तो नैवेद्याला वाहिला आणि बोटं चाटून खाल्ला! कुणाला विटाळ झाला नाही.

याचा अर्थ सरळ आहे. ही रेघ जीव बघून मारलेली नाही, ताट बघून मारलीय. वरच्याच्या ताटात दूध, तूप, मध होतं, ते पवित्र ठरलं. आपल्या ताटात वजडी होती, रक्ती होती, दोरीवर वाळवलेल्या चान्या होत्या, ते अभक्ष्य ठरलं. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महारा-मांगांचं हे ताट छापील पानावर आणलं. तोवर मराठी स्वयंपाकाच्या पुस्तकांना आपली चूल दिसलीच नव्हती.

हॉटेलावरची पाटी बघा. ‘शाकाहारी’ एवढं लिहून भागत नाही, ‘शुद्ध शाकाहारी’ लागतं. मग बाकीचे कोण? हा ‘शुद्ध’ आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. तो पाणवठ्यावरून आलाय. आणि शुद्धांचा हा देश म्हणावा तर २०१४ च्या सरकारी पाहणीत शंभरातले ७१ मांसाहारी निघाले. एकोणतीस जण एकाहत्तरांना नीती शिकवतायत.

मी पुण्यात खोली शोधत हिंडत होतो तेव्हा एका घरमालकानं आधी नाव विचारलं, मग आडनाव, मग ‘खाणंपिणं कसं?’ तिन्ही प्रश्न एकच होते. मुंबईच्या आयआयटीत २०२३ साली मेसमधली काही टेबलं शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवली. निषेध केला म्हणून एका विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड. गावात कप वेगळा होता, इथं टेबल वेगळं. शिक्षण वाढलं की शिवाशिवसुद्धा इंग्रजी बोलायला लागते.

पण एवढं बोलून थांबलो तर आपण नुसतेच चिडलो, विचार केला नाही. जनावराला दुखतं. ज्यांच्या घरात सुरी आणि चामडं होतं त्यांना हे कुणी सांगायला नको. हा प्रश्न खरा आहे आणि तो वरच्यांच्या हातात सोडून देण्याचं कारण नाही. आपल्याकडं त्याचं उत्तर जुनं आहे.

देवदत्तानं बुद्धाकडं मागणी केली होती : भिक्षूंना मासे-मांस कायमचं बंद करा. बुद्धानं नकार दिला. ज्याला सोडायचं त्यानं सोडावं, सक्ती नाही. आपल्यासाठी मारलेलं आहे हे पाहिलं, ऐकलं किंवा तसा संशय आला, तर मात्र घ्यायचं नाही. आणि १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा. तिथं मांसाचं पाप शिकवलं नव्हतं. मेलेलं ढोर ओढा आणि त्याचंच खा, या गुलामीवर ती लाथ होती. एकानं सक्ती नाकारली, दुसऱ्यानं लाचारी नाकारली. स्वतःच्या विचारानं सोडणं ही नीती. दुसऱ्याच्या दंडुक्यानं सोडणं ही जात.

आपल्यातही कुणी माळ घातलीय, कुणी जीव नको म्हणून मटण सोडलंय. त्याची टिंगल करू नका. त्यानं दुसऱ्याच्या भांड्यात डोकावलं नाही, तर तो आपला दोस्त आहे.

आणि हिंसा मोजायचीच असेल तर पूर्ण मोजू. आटलेली म्हैस शेवटी कुठं जाते? दूध न देणाऱ्या रेडकाचं काय होतं? दुधाच्या पिशवीवर हे छापत नाहीत. साखरेचं घ्या. साखरेइतकं शाकाहारी काही नाही. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारच्याच समितीनं ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, मग पिशवीच काढून टाकायची. त्या साखरेचा शिरा सत्यनारायणाला चालतो. मुंगीला साखर घालणाऱ्यांनी ती साखर कुणाच्या पोटातून आली हे विचारलंय कधी?

म्हणून ताटाला विचारायचे प्रश्न आपण ठरवू. यात कोण मेलं? कोण राबलं? कुणाला पुरेसं मिळालं नाही? आणि हे खायचं की नाही, हे कुणी ठरवलं? हे चार प्रश्न मटणाला विचारा, तसेच पेढ्यालाही विचारा.

शेवटचा प्रश्न आज सगळ्यात तातडीचा आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं दिलं. न खाणाऱ्या पोराला केळं. कुणावर सक्ती नव्हती. २०२५ च्या जानेवारीत त्याचा पैसा काढून घेतला. द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. झेडपीच्या शाळेत कुणाची पोरं बसतात? वर्गणी कोण देणार, ऊस तोडायला गेलेले त्यांचे आईबाप?

ज्यांना वाचता येतं त्यांनी आपापल्या गावच्या, वस्तीच्या शाळेत जाऊन विचारा : अंडं मिळतं का? नसेल तर पंचायत समितीत जा, अर्ज द्या, पोच घ्या, पुन्हा जा. कवितेत बंड करणं सोपं आहे. पोराच्या ताटात अंडं पडेपर्यंत खेटे घालणं अवघड आहे. ते करू.

जय भीम!

— संपादक