काळा दगड काळाच दिसला पाहिजे

मोबाईलवर काढलेला काळ्या दगडाचा फोटो बहुतेक वेळा खोटा असतो. लोणारचं दैत्यसूदन मंदिर असो, शिरपूरचं पवळी मंदिर असो, नाहीतर घरामागे पडलेलं जातं असो, फोटोत सगळं राखाडी आणि मळकट दिसतं. काढणाऱ्याचा यात दोष नाही. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं यंत्र समोरचं दृश्य सरासरी मध्यम छटेचं आहे असं धरून चालतं. चौकट काळ्या दगडाने भरली की त्याच्या हिशोबी उजेड कमी पडतो, मग ते फोटो उजळवतं. उपाय सोपा आहे. पडद्यावर दगडाच्या जागी बोट टेकवायचं, बहुतेक फोनमध्ये शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते खाली ओढायचं. दगड पुन्हा काळा होतो आणि त्यातले खड्डे, शिरा, टाकीचे घाव दिसायला लागतात.

किन्हीराजात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, पासपोर्ट साइज, शाळेचं ओळखपत्र हा पोटापाण्याचा धंदा. उरलेल्या वेळात मी दगडांचे फोटो काढतो, आणि इतकी वर्षं ते काढून माझं एक मत पक्कं झालं आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावातल्या दगडांची फोटोसकट नोंद करून ठेवली पाहिजे. देवळापासून जात्यापर्यंत, शिवेच्या धोंड्यापासून विहिरीच्या काठापर्यंत. आणि हे काम आत्ताच झालं पाहिजे, कारण गावातला दगड डोळ्यांदेखत नाहीसा होतो आहे.

आमच्याकडे दगड म्हणजे काळा दगडच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा येत राहिला, थरावर थर साचले, आणि आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो दगड पसरलेला आहे. वावरातली काळी माती त्याच दगडाची झीज. एखादा थर लोखंडासारखा टणक, तर दुसरा बुडबुड्यांच्या भोकांनी पोकळ झालेला, त्या भोकांत पांढरे खडे नि गारगोट्या. कधी कधी दोन थरांच्या मधे लाल मातीची आडवी रेघ सापडते. एक लाव्हा थंड झाला, त्यावर माती तयार झाली, मग पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली, त्याची ती खूण. एरवी हे सगळं जमिनीखाली असतं. रस्ता कापला की उघडं पडतं.

समृद्धी महामार्ग आमच्या मालेगाव तालुक्यातून गेला. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. त्या कामाने भागात काय बदललं यावर पुष्कळ लिहून आलं, पण कापलेल्या टेकड्यांच्या पोटात काय दिसलं याचे फोटो कुणी गावोगाव जपून ठेवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. महामार्गावर गाडी थांबवून फोटो काढायचा नसतो, आणि काढूही नये. पण काम चालू असताना, खदान चालू असताना, विहीर खोदली जात असताना तिथल्याच एखाद्या पोराने नीट चार फोटो काढले तर काय बिघडतं? यवतमाळ जिल्ह्यात 2021 साली रस्त्याच्या कामात खांबांसारखे कोनदार दगड उघडे पडले. लोकांना ते जुन्या बांधकामाचे खांब वाटले. प्रत्यक्षात लाव्हा थंड होताना आकसून तसे खांब बनतात. कुणीतरी वेळेत पाहिलं, फोटो बाहेर आले, म्हणून आपल्याला कळलं. किती ठिकाणचे असे दगड क्रशरमध्ये जाऊन गिट्टी झाले असतील, त्याचा हिशोब लागणार नाही.

फोटोने काय टिकतं हे सांगायला वऱ्हाडाच्या उंबऱ्यावरचीच गोष्ट आहे. रॉबर्ट गिल नावाचा मद्रासच्या फौजेतला अधिकारी 1844 साली अजिंठ्याला नेमला गेला, लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला. त्याने वर्षानुवर्षं तिथे राहून मोठमोठ्या नकला तैलरंगात केल्या आणि लंडनला पाठवल्या. 1866 साली तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळून गेल्या. मधल्या काळात त्याने कॅमेरा हाती घेतला होता. त्या काळी काचेवर रसायनाचा ओला थर द्यायचा, तो सुकण्याच्या आत फोटो घ्यायचा आणि तिथल्या तिथे धुवायचा. उन्हाळ्यात आमच्याकडे काचेवरचं ओलं किती वेळ ओलं राहत असेल, याचा विचार केला तरी या माणसाबद्दल आदर वाटतो. 1864 साली त्याच्या फोटोंची दोन पुस्तकं निघाली, त्यांना मजकूर जेम्स फर्ग्युसनचा. लोणारची मंदिरंही त्याने टिपली. पुढे हेन्री कझिन्स याने मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या पुरातन अवशेषांची यादी 1897 साली प्रसिद्ध केली, आणि 1931 साली आलेल्या त्याच्या दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरच्या ग्रंथात लोणार आहे, आमच्या तालुक्यातलं शिरपूरही आहे.

जन्मभर केलेल्या नकलांची राख झाली आणि दगडाचे कागदी फोटो राहिले. आज लोणारला कोणती शिळा जागची हलली, कोणती पडली, कुठे नवीन बांधकाम चढलं हे ताडायचं तर दीडशे वर्षांहून जुना फोटो हातात धरता येतो. लोणारला, शिरपूरला, बार्शीटाकळीला टिपणारं कुणीतरी भेटलं. आमच्या पारावरच्या दगडाला, वेशीबाहेरच्या म्हसोबाला, मोडक्या पायविहिरीला कुणी भेटलं नाही. संरक्षित स्मारकांचा कायदा देशात 1958 चा, राज्याचा 1960 चा. ज्यावर निळी पाटी लागली त्याला कायद्याचा आधार. ज्यावर लागली नाही, त्याला गावकऱ्यांशिवाय कुणी नाही.

आणि गावकरी काय करतात? प्रेमानेच करतात, पण दगड जातो. जीर्णोद्धार निघाला की वर्गणी जमते, जुन्या ओट्यावर चकचकीत टाइल बसते, खांबांना सोनेरी-चंदेरी ऑइलपेंट लागतो, आणि कोरीव तुकडे देवळामागे ढिगात. जीर्णोद्धार होऊ नये असं मी म्हणणार नाही. गळणाऱ्या छताखाली भजन कसं करायचं? माझा आग्रह एवढाच की पहिली पहार लागण्याआधी एक सकाळ फोटोंना द्या. प्रत्येक खांब चारही बाजूंनी, प्रत्येक कोरीव दगड जिथे आहे तिथेच. शेंदराचंही तसंच. वणीच्या सप्तशृंगीदेवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जुना थर 2022 साली काढला, तेव्हा कड्यात कोरलेलं मूळ रूप लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. कित्येक पिढ्या त्या मूर्तीपुढे हात जोडून गेल्या होत्या, त्यांना ते दिसलं नव्हतं. आपल्या गावच्या मारोतीच्या शेंदराखाली काय आहे हे आपल्यालाही ठाऊक नाही. ते उकरून पाहायचं नाही. पण शेंदूर आपोआप सुटून पडला, तर लगेच नवा चढवण्याआधी फोटो काढायला काय हरकत आहे?

एक जातं सांगतो. आमच्याच गावातल्या एका आजीच्या परसात ते गोठ्याच्या भिंतीशी टेकवून ठेवलेलं होतं. मी कॅमेरा काढला तशी आजी म्हणाली, "दगडाचा काऊन फोटो काढतं रे बापू? नातीचा काढ ना." नातीचा आधी काढला. मग जात्याचा वरचा दगड उचलून दाराशी आणला, जिथे सकाळचं ऊन जमिनीसरसं आडवं येत होतं. भर दुपारी हाच दगड सपाट दिसला असता. आडव्या उन्हात त्याच्या आतल्या बाजूचा एकेक टाकीचा घाव वेगळा दिसायला लागला. काठाशी घाव जवळजवळ पुसलेले, मधे अजून टोकदार. खुंट्याची भोकं दोन होती. एका भोकाचा काठ फुटलेला, म्हणून कधीतरी शेजारी दुसरं पाडलेलं. दाणे टाकायचं तोंड हाताच्या सततच्या स्पर्शाने गुळगुळीत झालं होतं आणि तिथला काळा रंग बाकी दगडापेक्षा गडद होता. मी हे दाखवत होतो तशी आजी बोलायला लागली. "माह्या सासूच्या सासूचं हाये हे." मग टाकी लावायला गल्लीतून हाळी देत येणारे वडार, त्यांना द्यायची ज्वारी, दुसरं भोक कोणत्या साली पाडलं, सगळं. फोटोच्या निमित्ताने ती बोलली. गावात पिठाची गिरणी आली तेव्हापासून तिला त्या जात्याबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं.

म्हणून मी म्हणतो, नुसता फोटो पुरत नाही. फोटोखाली दोन ओळी हव्यात: कुठे आहे, कुणाकडे आहे, त्याबद्दल घरचे काय सांगतात. पाटा-वरवंटा, उखळ, गुरांच्या पाण्याची दगडी डोणी, मारोतीपुढचा पोरांनी उचलायचा गोटा, या प्रत्येकामागे सांगणारं माणूस आहे तोवर. धुऱ्यावरच्या हद्दीच्या दगडांचंही महत्त्व मोठं. वऱ्हाडात 1860 च्या दशकात इंग्रजी अमलात शेतांची मोजणी सुरू झाली आणि शेताशेताला हद्दीच्या खुणा आल्या. ट्रॅक्टरच्या नांगराने त्यातल्या किती उखडल्या, ते भावाभावांच्या भांडणांत कळतं. मोजणी भूमी अभिलेख खात्याचीच खरी, फोटो तिची जागा घेणार नाही. तरी दगड जागेवर असतानाचा फोटो दोन्ही घरांत असला तर निम्मी भांडणं बांधावरच मिटतील असं मला वाटतं.

काहीजण उलट मत मांडतात, आणि त्यात तथ्य आहे. जुन्या मूर्तींचे फोटो, त्यांचा ठावठिकाणा सगळीकडे टाकला तर चोरांचंच फावेल, असं ते म्हणतात. म्हणून मी पारावरच्या मूर्तीचं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकत नाही, इतरांनीही टाकू नये. पण नोंदच नसणं हे चोराला त्याहून सोयीचं आहे. तमिळनाडूतल्या वृद्धाचलमच्या मंदिरातली अर्धनारीश्वराची दगडी मूर्ती चोरीला गेली आणि सिडनीच्या संग्रहालयात पोहोचली. पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात ती मंदिराच्या कोनाड्यात उभी असतानाचा जुना फोटो होता. त्यावरून ओळख पटली आणि 2014 च्या सप्टेंबरात मूर्ती देशात परत आली. फोटो नसता तर आपलीच मूर्ती आपली आहे हे कशावरून सांगितलं असतं?

पद्धत अवघड नाही. आधी लांबून एक, आजूबाजूचं झाड-भिंत दिसेल असा. मग चारही बाजूंनी. मग जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालेल, ते 27 मिलिमीटरचं असतं. वेळ सकाळची किंवा दिवस मावळतीची. फ्लॅश नको, समोरून आलेला उजेड कोरीव काम सपाट करतो. कोरलेली अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू फासणं, तेल चोळणं, तारेच्या ब्रशने घासणं हे मुळीच करायचं नाही. त्याने आजचा फोटो बरा येतो आणि दगड कायमचा खराब होतो. अक्षरं वाचायची असली तर रात्री जा, बॅटरी दगडाच्या अगदी कडेला लावून आडवा उजेड पाडा. दिवसा नुसता खरखरीत दिसणारा दगड त्या उजेडात वाचता येतो. गाभाऱ्यात मनाई असेल तिथे कॅमेरा खिशात. आणि रील बनवताना लावतात ते फिल्टर या कामात एकही नाही.

खर्चाचं म्हणाल तर फोन घराघरात आहेत. गावात लोकजैवविविधता नोंदवही करायची हे 2002 च्या जैवविविधता कायद्याने घालून दिलेलं आहे. त्यात झाडं येतात, पाखरं येतात, पिकांचे वाण येतात, त्यांची माहिती सांगणारी माणसं येतात. तशीच एक वही दगडांची का असू नये? आठवी-नववीची मुलं हे काम आनंदाने करतील, भूगोलाच्या तासाला जे शिकतात ते त्यांना वावरात दिसेल. फक्त ते फोटो फोनमध्ये ठेवून भागणार नाही. फोन पडतो, फुटतो, विकला जातो. कागदावर छापा आणि एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत ठेवा. गिलचे फोटो आपण आज पाहतो ते कागदावर उतरले होते म्हणूनच.

येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. ठराव झाला तर किन्हीराजाच्या वहीचे सगळे फोटो माझ्या स्टुडिओत विनामूल्य छापून देईन. आसपासच्या गावांनी मागितलं तर त्यांच्या मुलांना फोनवर काळा दगड काळा कसा टिपायचा ते येऊन शिकवेन. ज्यांच्या घरी जातं, पाटा, डोणी, जुना कोरीव दगड पडलेला असेल, त्यांनी तो धुऊन-पुसून न ठेवता आहे तसा ठेवावा आणि निरोप द्यावा. फक्त सकाळी नऊच्या आतली वेळ द्या, ऊन वर चढलं की घाव दिसत नाहीत.