कथा शिकलो, करार कधी शिकणार?

महिन्याभरापूर्वी एका लेखन कार्यशाळेला गेले होते. दीड दिवस, फी अठराशे रुपये, त्यात चहा-नाश्ता आणि प्रमाणपत्र. शिकवणारे लेखक खरंच चांगले होते. कथेचं पहिलं वाक्य, संवाद, पात्राची बोली, सगळं मनापासून सांगत होते. शेवटी प्रश्नोत्तरं सुरू झाली. मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, ‘‘सर, पुस्तकाचे पैसे लेखकाला कसे मिळतात?’’ सभागृहात हशा पिकला. सर म्हणाले, ‘‘आधी लिही तर बाळा, पैशांचं नंतर बघू.’’ विषय तिथेच संपला.

हसणाऱ्यांत मीही होते. परतताना लोकलमध्ये मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. इंजिनीअरिंगच्या मुलाने पॅकेज विचारलं तर आपण त्याला प्रॅक्टिकल म्हणतो. लिहिणाऱ्याने तेच विचारलं तर तो हावरट कसा?

‘नंतर बघू’ म्हणण्याची किंमत काय असते, हे हिंदीतले ज्येष्ठ लेखक विनोदकुमार शुक्ल यांच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिलं. २०२२ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं, की गाजलेल्या पुस्तकांची रॉयल्टी त्यांना वर्षाला काही हजारच मिळते. ई-बुक आपल्याला न विचारता काढल्याचीही त्यांची तक्रार होती. प्रकाशकांनी आपली बाजू मांडली, वाद रंगला. पुढे २०२५ मध्ये त्यांना ज्ञानपीठ जाहीर झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रायपूरच्या एका कार्यक्रमात ‘हिंद युग्म’ या प्रकाशनाने त्यांना रॉयल्टीपोटी ३० लाख रुपयांचा धनादेश दिला. पुस्तक होतं ‘दीवार में एक खिड़की रहती थी’, म्हणजे १९९७ सालची कादंबरी! डिसेंबरमध्ये शुक्ल गेले. कादंबरीतला एक शब्दही बदलला नव्हता. प्रकाशक बदलला, विक्री बदलली, हिशेब बदलला. यात सोशल मीडियाचा आणि ज्ञानपीठाचा वाटा आहेच. पण लेखकाने तोंड उघडल्यामुळेच रॉयल्टी हा विषय चर्चेत आला, हेही खरं.

कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो, त्यावर सही लागते. कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदला, हे त्यात असायला हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरते. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यवहारात आलं नव्हतं, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेख केल्याशिवाय जात नाहीत, ही तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने आली. म्हणजे छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओबुक, अनुवाद, सिनेमा ही वेगवेगळी खाती आहेत. २०२५ मध्ये ‘छावा’ सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिला. तो शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारित आहे आणि ती कादंबरी १९७९ सालची! आज लिहिलेल्या पुस्तकाचं पन्नास वर्षांनी काय होईल, हे कोणाला माहीत? पण कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. म्हणून पहिल्या पुस्तकावर केलेली सही छोटी नसते.

हे शिकवता येतं का? येतं. अमेरिकेतला फँटसी लेखक ब्रँडन सँडरसन विद्यापीठात लेखनाचा वर्ग घेतो आणि त्याची लेक्चर्स यूट्यूबवर फुकट आहेत. कथानक आणि पात्रं यांच्याच रांगेत प्रकाशनव्यवहारही तो शिकवतो. अर्थात, त्याने २०२२ मध्ये चार कादंबऱ्यांसाठी वाचकांकडून थेट चार कोटी डॉलरहून जास्त रक्कम उभी केली. त्याचं गणित आपल्याला लागू नाही.

आपलं गणित असं. मराठीत पहिली आवृत्ती बहुतेकदा पाचशे ते हजार प्रतींची. अडीचशे रुपयांचं पुस्तक, दहा टक्के रॉयल्टी, हजारही प्रती खपल्या तर हातात येतात २५ हजार. तेही दोन-तीन वर्षांत, हिशेब वेळेवर मिळाला तर. एवढ्यावर घर चालत नाही, हे कोणीतरी आधीच सांगायला हवं. ‘उसवण’ या कादंबरीसाठी २०२४ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळवणारे तुळजापूरचे देविदास सौदागर शिवणकाम करतात. त्यांची कादंबरीही रेडीमेड कपड्यांमुळे धंदा बसलेल्या शिंप्याचीच आहे. लिहिण्यासाठी वेळ कुठून काढला, पोट कशावर चाललं, हे अशा लेखकांकडून ऐकायला मिळालं तर ते दहा ‘मोटिव्हेशनल’ भाषणांपेक्षा जास्त कामाचं ठरेल.

प्रकाशकांचीही बाजू आहे. कागद महागलाय, दुकानं कमी झालीत, नवोदितांची पुस्तकं गोदामात पडून राहतात. लेखकाशी नीट करार करून वेळेवर हिशेब देणारे प्रकाशक मराठीत आहेत. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजनाही आहे. पण या सगळ्याची माहिती आपल्याला ओळखीपाळखीतूनच मिळते. ओळख नसलेला, गावाकडून लिहिणारा मुलगा ‘आम्ही छापतो, तुम्ही पैसे भरा’ या जाहिरातीला भुलतो.

भुलणाऱ्यांत मीही आहे. गेल्या वर्षी माझी एक कथा एका संग्रहात आली. दीड हजार रुपये मीच भरले, बदल्यात पाच प्रती मिळाल्या. त्यातली एक आईने अजून टीव्हीशेजारी ठेवलीय. कार्यशाळेनंतर तो फॉर्म शोधून काढला. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ असं एकच वाक्य. मुदत नाही, मोबदला नाही, खाली माझी सही. कायद्याप्रमाणे मुदत पाच वर्षं धरली, तर त्यातली चार अजून बाकी आहेत. तोवर त्याच कथेची कादंबरी करायची की नाही, हे मला एकटीला ठरवता येणार नाही, असंच दिसतंय.

म्हणून यापुढे कार्यशाळेला गेलात तर शेवटच्या दहा मिनिटांत तीन गोष्टी विचारा. तुमच्या पहिल्या करारात काय होतं? विक्रीचा हिशेब किती दिवसांनी येतो? आणि आज पुन्हा सही करायची झाली तर कोणतं वाक्य खोडाल?

कोणी हसलं तर हसू द्या. मागच्या रांगेतला तो मुलगा पुन्हा भेटला, तर मी त्याच्या शेजारीच बसणार आहे.